नकाशातला ओढा

मु. धामणदरा, नेकनूरजवळ
११ जानेवारी २०१३

तीर्थरूप आण्णा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. इथे सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आई मध्येच स्वतःचंच सांगायला लागते, आणि इथला फोन ओसरीत आहे. शिवाय मला लिहायला तुम्हीच शिकवलं. शाळेत घालायच्या आधी दोन वर्षं मोजणीच्या कामावर बरोबर नेऊन, तुमच्या रद्दीच्या नकाशांच्या पाठीवर. त्यामुळे अजूनही कागद घेतला की मला आधी तुमचा मायना आठवतो, मग मजकूर.

पहिली बातमी बैलांची. दोघंही चांगले आहेत. ढवळ्याच्या खांद्याची जखम भरत आली. सोसायटीच्या नावावर मामांनी जी छावणी काढली आहे, तिथे आता चारशेवर जनावरं झालीत. ऊस, थोडी पेंड, वेळेवर पाणी. बाहेरगावची जनावरं घेत नाहीत, पण मामा म्हणाले, "व्याह्याची जनावरं बाहेरची कशी?" म्हणून तुमची दावण पहिल्या ओळीत, सावलीला आहे. मी रोज संध्याकाळी एक चक्कर मारते. पवळ्या मला ओळखतो.

पाण्याचं तुमच्याकडे जे आहे तेच इथे. टँकर दोन, एक वरच्या गावात आणि एक खालच्या वस्तीत. खालच्या वस्तीत सध्या म्हातारी माणसं आणि शेरडंच आहेत. बाकी सगळे कोयते घेऊन ऊसतोडीला कऱ्हाडकडे गेलेत. या वर्षी पाऊसच नाही म्हणून दसऱ्याच्या आधीच गेले. दारांना कुलपं.

माझं ग्रामपंचायतीतलं संगणकाचं काम चालू आहे. दाखले, उतारे, टँकरच्या खेपांचे तक्ते. शिवाय सध्या एक जादा काम आहे. यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक आहे, त्यासाठी प्रभाग नव्याने पाडायचे आहेत. तलाठी टँकरमागे आणि ग्रामसेवक छावणीमागे, त्यामुळे कच्चा नकाशा आमच्या खोलीतच तयार झाला. नियम सोपे आहेत. उत्तरेपासून सुरू करायचं, नागमोडी दक्षिणेला उतरायचं, आणि हद्द शक्यतो नैसर्गिक धरायची, म्हणजे रस्ता, नाला, ओढा.

त्यावरून तुम्हाला एक सहज विचारते. गावठाणाच्या जुन्या नकाशात ओढा दाखवलेला आहे, पण जमिनीवर तो आता नाही. वर पाझर तलाव झाल्यापासून आटला, आणि पात्रात गल्ली आणि घरं झाली. असा ओढा हद्द म्हणून धरता येतो का? घाई नाही. तीस वर्षं मोजणीदारी केलेल्या माणसाला माहीत असेल, म्हणून विचारलं.

तुमची छागल अजून खुंटीला आहे का? काल छावणीत एकाकडे तसलीच कापडी पिशवी दिसली, पाणी गार ठेवणारी, म्हणून आठवलं.

संक्रांत तीन दिवसांवर आली. तिळगूळ पाठवता येत नाही, समजून घ्या.

तुमची,
कालिंदा


२७ जानेवारी २०१३

तीर्थरूप आण्णा,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते ओसरीत मामांच्या हातात दिलं, आणि मामांनी उलटंसुलटं करून माझ्याकडे दिलं. म्हणाले, "तुझ्या आण्णाला शाई महाग झाली का काय?" कारण त्यावर तीनच शब्द होते.

"हजर कोण होते?"

मी ओढ्याचं विचारलं होतं. तुम्ही ओढ्याचं काहीच लिहिलं नाही.

मला कळलं तुम्ही काय विचारताय. लहानपणी मी तुमच्या मागे मोजणीच्या शंकूची खुंटी धरून उभी असायची तेव्हा तुम्ही साखळी उलगडायच्या आधी मोठ्याने विचारायचात, "लगतचे कोण कोण हजर आहेत?" मोजणी मागणारा आला असेल आणि बांधापलीकडचा आला नसेल, तर साखळी तशीच पिशवीत परत. एकदा येळंबला पलीकडची म्हातारी बाजाराला गेलेली, म्हणून आपण लिंबाखाली दुपारपर्यंत बसलो होतो. मोजणी मागणाऱ्याने पिठलं-भाकरी आणली. तुम्ही स्वतःची शिदोरी सोडलीत आणि छागलीतलं पाणी प्यालात. मला त्या पिठल्याचा वास अजून आठवतो. मी रडले होते. तुम्ही म्हणालात, "पोरी, ज्याच्या बांधावर उभं राहायचं, त्याच्या घरचं पाणी पोटात नसावं."

तर हजर कोण होते ते लिहिते.

मामा होते. तलाठी अर्धा तास होते. ग्रामसेवक सही करायला आले. खालच्या वस्तीतलं कोणी नव्हतं.

काल सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली. नकाशा भिंतीवर लावला. आतापर्यंत खालची वस्ती म्हणजे सबंध तीन नंबरचा प्रभाग. तीन जागा, तिन्ही त्यांच्या. आता ओढ्याच्या रेघेने वस्तीचे दोन भाग झालेत. पूर्वेकडची घरं एक नंबरला जोडली, पश्चिमेकडची दोन नंबरला. दोन्हीकडे वरच्या गावाची मतं जास्त. आणि तीन नंबर सगळाच वरच्या गावात आला. म्हणजे नऊच्या नऊ जागा आता मामा ज्याला उभं करतील त्याच्या. वस्तीतल्या कोणी अर्ज भरला काय आणि नाही भरला काय.

ग्रामसभेत मामा बोलले, आणि ते वाईट बोलले असं मला म्हणता येत नाही. "बाबांनो, माणसाला प्यायला पानी न्हाई. अशात इलेक्शन कावून लढायचं? बिनविरोध करू. भांडन न्हाई, तंटा न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच, मागच्या निवडणुकीत दोघांची डोकी फुटली होती. बसलेल्यांत वस्तीतला फक्त आसाराम होता, ऐंशीचा, त्याला पुढचं दिसत नाही. तो जाताना मला म्हणाला, "बाई, कागदात आमी कुटं हाव?" मी त्याचं बोट धरून नकाशावर ठेवलं. रेघेवर ठेवलं. त्याला काही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

त्या ओढ्याच्या जागी आता गल्ली आहे, आण्णा. मधोमध टँकरची काळी टाकी आहे. दोन्हीकडच्या बाया तिथेच भरतात. रेघ टाकीच्या बरोबर पोटातून जाते.

ही टाकी वच्छलाबाईंनी आणली. तुम्ही त्यांना माझ्या लग्नात पाहिलंय, उंच, मोठ्याने हसणाऱ्या, ज्यांनी आत्याबाईंना, वरमाई असून, नाव घ्यायला लावलं होतं. तीन नंबरच्या मेंबर. आधी टँकर वरच्या गावातच रिकामा व्हायचा. त्या पंचायत समितीत जाऊन दारात बसल्या, तेव्हा एक टँकर खाली यायला लागला. आता त्याही ऊसतोडीला गेल्यात. मेंबर असल्या तरी कोयता सुटत नाही.

काल सभा संपल्यावर त्यांचा फोन आला, पंचायतीच्या फोनवर. फडातून, कोणाच्या तरी मोबाईलवरून.

"बाई, वस्ती तोडली म्हनं?"

"प्रभाग नवीन झालेत."

"ते झालंच. पर रेघ कुनी वढली?"

मी म्हणाले, "तहसीलची समिती असते." हे खरं आहे. समिती असते.

"आमी येऊस्तवर थांबायचं की. मुकादम उचलून पाठवील का आमाला? हरकत कवापर्यंत द्यायची?"

"चार फेब्रुवारी."

"मंग तुमीच द्या की लिहून. तुमी शिकलेल्या. तुमाला कुनी काय म्हनत न्हाई." मग फोन कट झाला, की त्यांनी ठेवला, माहीत नाही.

आण्णा, नकाशा मी काढला. पेन माझं, पट्टी माझी. मला सांगितलं, मी काढला.

मला झोप नीट लागत नाही. हरकत कोणीही गावचा मतदार घेऊ शकतो. मीही गावची मतदार आहे. एका कागदावर पाच ओळी लिहून तहसीलला दिल्या की झालं. पण त्या लिहायला बसलं की मला ओसरीतला आवाज ऐकू येतो. मामा माझ्यावर कधी ओरडले नाहीत. मी पुढे शिकायचं म्हणाले तेव्हा आत्याबाई नको म्हणत होत्या, मामांनी फॉर्म आणून दिला. पंचायतीतली खुर्चीसुद्धा त्यांनीच दिली. कालच्या सभेनंतर त्यांनी माझा चेहरा बघितला. जेवताना फक्त म्हणाले, "तुझ्या आण्णाच्या बैलांना आजपासून एक पेंडी जास्तीची टाकायला सांगितलीय. लांबचा पल्ला हाय उन्हाळ्याचा."

पेंडी खरंच जास्तीची टाकतात. मी पाहून आले. पवळ्याचं पोट भरलेलं होतं.

मी त्यांच्याच घरचं जेवते, आण्णा. पाणीही त्यांच्याच हंड्यातलं.

उत्तर पाठवलं तरी चालेल, नाही पाठवलं तरी चालेल. आईला सांगा मी आनंदात आहे.

तुमची,
कालिंदा


८ फेब्रुवारी २०१३

तीर्थरूप आण्णा,

नमस्कार. तुम्ही आणि बैल घरी पोचलात हे आईच्या फोनवरून कळलं. नांदूरघाटापर्यंत पायी, उन्हात, खांद्याच्या जखमेचा बैल घेऊन. आई म्हणाली, तुम्ही वाटेत एका हॉटेलमागे रात्र काढलीत, आणि चाऱ्याचं विचारलं तर म्हणालात, "शेजाऱ्याचं पाचट हाय, झाडपाला हाय." ती रडत होती. मी रडले नाही. मला रडायचं होतं, पण ओसरीत लोक बसले होते.

तुम्ही आलात त्या दिवशी मी पंचायतीत होते. छावणीत कोणी तरी ओरडलं, "पाव्हणं आलं, पाव्हणं आलं," म्हणून धावत आले. तुम्ही तोवर ढवळ्याचं दावं सोडलं होतं.

मामा समोर उभे होते. "पाव्हणं, कावून सोडता? काय कमी पडलं का?"

"घरी नेतो."

"घरी चारा कुठंय? जनावरं मारता का काय?"

"आं?" तुम्ही कानाला हात लावलात. "ऐकू येत न्हाई मला."

"आन् चहा तरी?"

तुम्ही छागल वर करून दाखवलीत. ती नव्याने शिवलेली होती, पांढऱ्या दोऱ्याने. आईचा टाका मी ओळखला. चहाचं तुम्हाला कसं ऐकू आलं, हे मामांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

माझ्याशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पवळ्याचं दावं माझ्या हातात दिलंत आणि वेशीपर्यंत मी ते धरून चालले. मग तुम्ही ते परत घेतलंत. बस एवढंच. पण मला वाटतं माझ्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी इतकं मोठं काम केलं नाही, आणि मी त्या लायक नाही. कारण मागच्या पत्रात मी तुम्हाला सगळं खरं लिहिलेलं नव्हतं.

"मला सांगितलं, मी काढला," असं लिहिलं होतं. तसं झालं नाही.

ओढा कागदावर आहे हे मामांना माहीतच नव्हतं. तलाठ्यांनाही नव्हतं. ते दोघं दोन दिवस वस्ती कुठे तोडायची याच्यावर डोकं खाजवत बसले होते, आणि नियमात बसेल अशी रेघ सापडत नव्हती. गल्लीतून तोडली तर प्रांतसाहेब विचारणार, मध्येच का? मी आपली तलाठ्यांचं जुन्या कागदांचं बासन चाळत होते. त्यात गावठाणाचा १९७९ चा नकाशा निघाला, आणि कोपऱ्यात तुमची सही. तुमचं ते लांब वेलांटीचं अक्षर. माझा जन्मही नव्हता तेव्हाचं. इतकी हरखले मी! नकाशा घेऊन सरळ ओसरीत गेले. "मामा, हे बघा, आण्णांनी काढलाय! आणि इथून बघा, वस्तीच्या मधून ओढा होता. ही दुहेरी रेघ म्हणजे ओढा."

मला दाखवायचं होतं की मला जुना नकाशा वाचता येतो. तलाठ्यांना आला नाही, मला आला.

मामांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "व्हय? मंग ही तर देवानंच हद्द घालून ठिवलीय." आणि आत्याबाईंना हाक मारली, "अगं ए मुक्ता, पोरीला दूध दे. गुनाची हाय."

मी दूध प्याले, आण्णा.

तुम्ही ती रेघ काढलीत तेव्हा तिथे पाणी वाहत होतं. तुम्ही जे होतं ते काढलंत. मी ते नसताना काढलं. तुमच्या सहीच्या आधाराने. पहिल्या पत्रात मी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही "धरता येतो" म्हणावं एवढ्यासाठीच विचारलं होतं.

हे लिहून झालं. आता पुढचं सांगते.

चार तारखेला सकाळी मी आत्याबाईंना म्हणाले, "तहसीलला जाऊन येते." मी नेहमीच फायली घेऊन जाते, त्यांनी विचारलं नाही. मी खोटं बोलले नाही, पण खरंही सगळं बोलले नाही. नेकनूरपर्यंत छावणीच्या टेंपोत, तिथून एसटीने बीड. माझ्या मांडीवर कागद होता आणि वाटेत दोनदा मला वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. पण बैल घरी गेले होते. आता मला बैलांची सबब नव्हती.

तहसीलच्या बाबूने कागद घेतला. "हरकत कशाला?"

"धामणदऱ्याच्या प्रभाग नकाशाला. ओढा जागेवर नाही, वस्ती एकसंध आहे, ती तोडू नये."

"नकाशा कोनी तयार केला?"

"मी."

त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, मग घरीच खोडरबर घ्यायचं की! बीडपर्यंत तिकीट कशाला खर्च केलं?" बाजूचे दोघं हसले. मलाही हसू आलं, पण ते बाहेर आलं नाही. पोच घेतली. ती या पत्रासोबत नाही, पोलक्यात आहे.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. तुमचे जावई कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे, वडिलांपुढे मान वर होत नाही. ते छावणीचं रजिस्टर बंद करत होते. म्हणाले, "नकाशाबी तूच काढला, हरकतबी तूच घेतली. लोक काय म्हनतील, घरात दोन पार्ट्या झाल्या?" मी म्हणाले, "दुसरी पार्टी फडात आहे. ती येईपर्यंत कोणी तरी उभं राहायला हवं." त्यांनी रजिस्टर उचललं आणि म्हणाले, "मी काय ऐकलं न्हाई." या घरात आता तुमच्यासारखे कमी ऐकू येणारे ते एक झाले.

त्याच दिवशी बीडच्या स्टँडवरून वच्छलाबाईंना फोन लावला होता. त्यांना सगळं सांगितलं, दुधासकट. पलीकडे कोयत्यांचे आवाज येत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमाला सापडला व्हय वढा? आमाला धा वर्सं झाली, त्यात पानी सापडंना." मग हसल्या, पण लग्नात हसल्या तसं नाही. मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. सुनावनी कवा हाय तेवढं कळवा. मुकादमाला सांगून येते, न्हाई सोडलं तर न सांगता येते. पर एक करा बाई. तिथं तुमी सायबापाशी खुर्चीवर बसू नका. आमच्यात उभ्या ऱ्हावा."

आज दुपारी सुनावणीची नोटीस आली. पंचायतीच्या संगणकावरच येते, आणि ती उघडून, छापून, संबंधितांना देऊन सह्या घेणं हे माझंच काम. पंधरा तारीख, सकाळी अकरा, प्रांत कार्यालय, बीड. हरकतदारांच्या यादीत एकच नाव आहे. सौ. कालिंदा भारत, वय तेवीस. समोर पंचायतीतर्फे हजर राहायचं त्यात सरपंचांबरोबर उपसरपंच म्हणून मामांचं नाव.

वच्छलाबाईंना तारीख कळवली. आसारामला त्याच्या दारात जाऊन वाचून दाखवली आणि अंगठा घेतला. या वेळी त्याचं बोट टाकीवर ठेवलं आणि सांगितलं, "ही तुमची टाकी, आणि ही मी काढलेली रेघ." तो म्हणाला, "मंग पूस की." जसं काही ते माझ्या हातात आहे.

प्रांतसाहेब काय ठरवतील, माहीत नाही. नकाशावर ओढा आहे आणि सही खरी आहे. तुम्हाला साक्षीला बोलावलं तर याल का, हे मी विचारत नाही. पंधराला मला बीडला कसं जायचं, तेही माहीत नाही. त्या दिवशी छावणीचा टेंपो नेकनूरला जात नाही, आणि गावातून जाणारी जीप एकच आहे, मामांची. बहुतेक आम्ही एकाच जीपमधून जाऊ. मी मागे बसेन. भाकरी बांधून घेईन. पाणीही.

आता साडेपाच झालेत. मामा छावणीतून येतील, पाय धुतील आणि ओसरीत बसतील. आत्याबाईंनी चहा टाकलाय, माझाही कप मांडलाय. एक प्रत माझ्या हातात आहे. त्यांची सही घ्यायची जागा मी पेन्सिलीने फुली करून ठेवली आहे, तुम्ही करायचात तशी. आज मी चहा घेणार नाही. आत्याबाई कारण विचारतील आणि मला ते नोटीस देण्याआधी सांगता येणार नाही, म्हणून एवढ्यापुरतं मलाही ऐकू येणार नाही.

नंतर या घरात माझं काय होईल ते मला दिसत नाही. दार कोणी बंद करणार नाही. ओरडणारही नाही. त्याचीच मला जास्त भीती आहे.

फाटकाचा आवाज आला. पत्र इथेच मिटते. ढवळ्याच्या खांद्याला हळद लावत जा.

तुम्ही विचारलं होतंत, हजर कोण होते. त्याचं उत्तर आता देता येईल.

हजर,
कालिंदा